मामाकडून सप्रेम भेट

केशव, तुझ्या तेरवीला मी तुझ्याच पोराच्या खांद्यावर लग्नाचा टॉवेल टाकला.

मुद्दाम नाही. माझ्या हातून मुद्दाम काहीच होत नाही, हे तू मला जन्मभर ऐकवलंस. सकाळी निघायची घाई होती, जीपवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, आणि माझी बायको, तुझी आक्का, आतून सांगत होती की पेटीतून टोपी-टॉवेल घ्या, विसरू नका. मी विसरलो नाही. आहेराच्या पेटीत सगळ्यात वर जो पांढरा, घडीचा, प्लास्टिकच्या पिशवीतला टॉवेल दिसला तो उचलला आणि झोळ्यात कोंबला. उलटून बघावं असं माझ्या मनातही आलं नाही. टॉवेलात बघण्यासारखं काय असतं?

दुपारी जेवणं झाली आणि सोयरे एकेक करून उठायला लागले. आपल्याकडं ज्याच्या घरचं माणूस जातं त्याला तेरवीला कापड करतात. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, की दुखवटा निघाला असं समजायचं. ओंकार ओसरीत पाटावर बसला होता. डोक्याची चकोट केल्यामुळं त्याचे कान एकदम पुढं आले होते. ते तुझे कान आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि मी तिकडं बघायचं टाळत होतो.

माझी पाळी आली. आत्याचा नवरा म्हणजे मानाचा माणूस, म्हणून जरा ऐटीतच पुढं झालो. ऐट माझी अशा जागीही सुटत नाही. टोपी घातली. टॉवेल खांद्यावर ठेवला, आणि तो पॉलिएस्टरचा, गुळगुळीत, घसरला. घडी आपोआप सुटली. ओंकारच्या छातीवर मोगऱ्याच्या माळा, वर दोन पोपट, मधोमध माझी कोमल आणि जावईबापू एकमेकांकडं बघून हसतायत, खाली ठळक लाल अक्षरांत 'मामाकडून सप्रेम भेट', त्याखाली तुझं नाव, आणि गोल चौकटीत तू. गुलाबी फेटा, पांढरा शर्ट, सगळे दात बाहेर.

भिंतीवर हार घातलेला तुझा फोटो होता, तो आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. त्यात तू कोणाच्या तरी तक्रारीसाठी ठाण्यात बसल्यासारखा दिसतोस. आणि खाली पोराच्या छातीवर हा तू, वरातीतून नुकताच नाचून आलेला. तुझी दुरपदाकाकू डोळे बारीक करून पुढं वाकली आणि म्हणाली, "अगं बया, हा तं आपला केशवच हाये."

मी टॉवेल ओढायला हात घातला. ओंकारनं त्याच्यावर हात ठेवला. तेरा दिवसांत त्या पोरानं हो-नाहीपलीकडं कोणाशी बोलणं केलं नव्हतं. "राहू द्या," एवढंच म्हणाला.

तुझी रेखा बायकांमध्ये बसली होती, तिनं पदर तोंडात धरला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, केशव. मग रडली, मग दोन्ही एकदम. आणि तुझी आक्का स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं टॉवेल पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि काही न बोलता आत निघून गेली.

ती काहीच बोलत नव्हती, तेच तर सांगायला बसलोय. तू गेलास त्या दिवसापासून ती रडली नव्हती. भाकरी करायची, आल्यागेल्याचा चहा ठेवायची, रेखाला धरून बसायची, आणि तुझं नाव निघालं की उठून काहीतरी घासायला घ्यायची. घरातलं एकही भांडं आता काळं राहिलेलं नाही. दुसरी गोष्ट, सोमवारी वाशीमचा एक जण आपलं छपाईचं मशीन बघायला येणार आहे. बघायला म्हणजे न्यायला. रेखाला विचारलं तर ती म्हणाली, दाजी, तुमी कराल ते बराबर. ओंकारच्या गळ्यात हे मारायचं नाही, त्यानं शिकायचं, हे तर तूच ठरवून ठेवलेलं. राहिली तुझी आक्का. तिला सांगितलं, सोमवारी माणूस येतोय, मशीन देऊन टाकतो. तिनं विचारलं, त्यो जेवायला थांबंल का?

आता याच्यातून मी काय समजायचं? तू असतास तर तुला विचारलं असतं. तिचं न बोलणं वाचता येणारा घरात तू एकटाच होतास.

मशीन आलं तो दिवस आठवतो. मी कनेरगाव नाक्यावर झेरॉक्सचं दुकान चालवत होतो. चालवत होतो म्हणजे शटर वर करून समोरच्या धाब्यावर चहा पीत बसत होतो. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला आणि कागद लोकांना नकोसा झाला. एका सकाळी तू टेम्पोतून उतरलास, मागं घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी अवजड. मी विचारलं, काय आणलंस? तू म्हणालास, "इस्त्री."

"एवढी मोठी?"

"मोठ्या लोकायची हाये."

चौघांनी मिळून ती आत घेतली. वर एक जाड लोखंडी पाटी, खाली रबराची गादी, बाजूला दांडा. मग तू मला समजावून सांगितलंस, जसं कोणी लहान लेकराला सांगतं. वेगळ्या शाईनं कागदावर चित्र काढायचं, कागद कापडावर पालथा घालायचा, वरून तापलेली पाटी दाबायची. शाईची वाफ होते आणि कापडाच्या धाग्यात जाऊन बसते. मग कितीही धुवा. मी म्हणालो, वाफ वर जाते, एवढं शाळेत मी पण शिकलोय, ती खाली कशी जाईल? तू माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलंस. "दाजी, वर जायाला जागा कुठंय? वर तं मशीन हाये."

मी आपली घोंगडी घडी करून ठेवली.

पहिला प्रयोग माझ्या बनियनवर झाला. तारेवर वाळत होतं, तू ओढून आणलंस आणि त्याच्यावर वाघ छापलास. वाघ जरा आजारी निघाला, पण निघाला. मी ते घालून धाब्यापर्यंत जाऊन आलो. आक्कानं एकदा धुतलं आणि वाघाचं मांजर झालं. दुसऱ्या धुण्यात मांजरही गेलं. तेव्हा तुला कळलं की ही शाई कापसाला धरत नाही, तिला पॉलिएस्टर लागतं. तू दिवसभर तोंड पाडून बसला होतास. "सगळं आयुष्य कापूस येचला आन् कापसालाच चालत न्हाई म्हणे," असं दोन-तीनदा स्वतःशीच म्हणालास.

मग कप आले, त्यांच्यावर आधीच लेप चढवून येतो ते, आणि ते धरायला मशीनला एक गोल जोड. पहिल्या कपावर तू अक्षरं सरळ छापलीस, म्हणून ती कपावर उलटी उमटली, आणि 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' आरशासमोर उभं राहून वाचाव्या लागल्या. तो कप गिऱ्हाइकानं घेतला नाही. तू त्याच्यात चहा पीत राहिलास, शेवटपर्यंत. दुकानात खिडकीत आहे तो अजून. आत चहाची कडी आहे, ती मी धुतलेली नाही.

आणि नरसी गावची ती हळदीची ऑर्डर. नवरदेवाचा बाप पिवळे टी-शर्ट घेऊन आला, सगळ्यांवर नवरदेवाचा फोटो पाहिजे. तोवर आपल्याला कुठं ठाऊक होतं की या छपाईत पांढरी शाई नसतेच! पांढरं हवं असेल तर कापडच पांढरं घ्यावं लागतं. जिथं पांढरं दिसायला हवं तिथं मशीन काहीच छापत नाही, नुसतं कापड उघडं सोडतं. पिवळ्या कापडावर नवरदेवाचे दात पिवळे, डोळे पिवळे, नखं पिवळी. मी म्हणालो, केशव, याला कावीळ झाली, आता मार खायची तयारी ठेव. बाप आला. शर्ट हातात धरून बराच वेळ बघत राहिला. तू पुढं होऊन म्हणालास, "काका, हळद लागल्यावर नवरदेव पिवळाच पायजे ना." काका खूश होऊन गेले. पुढं दोन लग्नं त्यांनीच आणली. मी त्या दिवशी ठरवलं की मशीन तुझं आणि बोलणंही तुझंच, मी आपला कागद कापतो.

कागद कापता कापता मी तुला बघत असायचो. छापलेला कागद हातात आला की दरवेळी मी तो उजेडात धरून बघायचो. रंग गेलेले, माणसांची तोंडं राखेसारखी. मी म्हणायचो, शाई संपली वाटतं, फसलं. तू म्हणायचास, "थांबा दाजी, अजून ताप लागला न्हाई." आणि दांडा खाली घेऊन मोजायला लागायचास. वेळ झाल्याचं सांगणारा मशीनचा भोंगा आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात बिघडला होता, तो तू दुरुस्त करू दिला नाहीस. दोन, चार, सहा, आठ. जोडीनं मोजायचास, बोटं हवेत हलवत, जशी मेंढरं वाड्यात घालताना मोजतात. तुझ्या वडलांची मोजणी. मी एकदा मोजून पाहिलं, घाईत मोजलं, रंग अर्धे कच्चे राहिले. तू म्हणालास, दाजी, तुमच्या कळपात चोरी होईल.

त्या मेंढरांची एक गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस. तुझ्या आक्कानं सांगितली. तुमच्या वडलांच्या कळपाला पाठीवर गेरूची खूण असायची, आणि दर पावसाळ्यात ती धुऊन जायची. पाणवठ्यावर दुसऱ्याचा कळप आला की मेंढरं मिसळायची. मोठी मेंढरं तुझे वडील तोंडावरून ओळखून काढायचे, पण एका वर्षी तुझं कोकरू दुसऱ्यांच्या कळपात गेलं. तू सांगत राहिलास की ते माझं आहे, आणि त्याच्या पाठीवर दाखवायला काहीच नव्हतं. म्हणे कितीतरी दिवस तू जेवताना मधेच थांबायचास. ही गोष्ट कळल्यावर मग दुकानात मी जरा कान देऊन ऐकायला लागलो. गिऱ्हाइकाला कापड देताना तू म्हणायचास, "कितीबी धुवा, जाणार न्हाई." बाकी सगळं तू हसत बोलायचास. हे एवढं हसत बोलायचा नाहीस.

आता टॉवेलाचं भांडण.

कोमलचं लग्न ठरलं आणि तू जाहीर केलंस की मामाचा आहेर म्हणून सगळ्या पाहुण्यांना छापलेले टॉवेल द्यायचे. माझं डोकं फिरलं. आपल्याकडं टॉवेल अंग पुसायला नसतो, तो फिरायला असतो. मला आलेला मी तुझ्या चुलत्याला करतो, चुलता त्याच्या व्याह्याला, व्याही त्याच्या साडूला. एखादा टॉवेल अख्खा तालुका हिंडून, घडी न मोडता, आपल्याच पेटीत परत येतो, आणि आपण त्याचा वास घेऊन ओळखतो. या फिरण्यावर आपली सोयरीक चालते. तुला म्हणालो, नाव छापलेला टॉवेल पुढं कसा करायचा? लोक तोंडावर चांगलं म्हणतील आणि घरी जाऊन शिव्या देतील.

"पुढं करता येऊ नये म्हणूनच छापायचं," तू म्हणालास. "आपण दिलेलं एखादं कापड कोणाच्या घरी राहू द्या की एकदा."

"आणि तुझा फोटो काहून? लग्न पोरीचं हाये."

"नाव तं काय, केशव गावात चार हायेत."

लग्नात टॉवेल वाटले. पाहुण्यांनी घडी उघडली, तुझे दात पाहिले, आणि एकमेकांकडं तिरपं बघितलं. माझे व्याही सज्जन माणूस, ते एवढंच म्हणाले की टॉवेल देखणा आहे, पाणी मात्र टिपत नाही, अंगावरचं पाणी इकडून तिकडं ढकलतो. तू त्यांना हात जोडून म्हणालास, माझ्या फोटोनं अंग पुसायला कोणी सांगितलं? पाठवणीच्या वेळी मात्र तूच कोमलला धरून असा रडलास की तुझ्या खांद्यावरचा तसलाच टॉवेल तोंडाला लावलास, आणि तो पाणी टिपेना. दोन्ही गाल ओलेच राहिले. मी ते पाहून हसलो होतो. काल आठवलं तेव्हा हसू आलं नाही.

त्यानंतर टॉवेलाच्या ऑर्डरी आल्या, पण सगळ्यांचं एकच सांगणं. नाव बारीक, कोपऱ्यात, घडीच्या आत जाईल असं. मी म्हणायचो, कर ना तसं, धंदा आहे. तू ऐकायचा नाहीस. मोठंच छापीन, नाहीतर दुसरीकडं जा. लोक दुसरीकडं गेले. मी चिडलो. आपण दोघं शटर उघडताना भांडायचो आणि लावताना भांडायचो, मधे दिवसभर नीट बोलायचो. धाब्यावाला म्हणायचा, सख्खे भाऊ पण एवढे भांडत नाहीत. तू म्हणायचास, मेहुण्याला भांडायचा हक्क जास्त असतो, त्याची बहीण गहाण पडलेली असते.

मग मी शिरड शहापूरला एका लग्नाला गेलो. ओळख लांबची. तिथं कोणीतरी माझ्या गळ्यात टॉवेल घातला, पांढरा, घडी आत वळवून नीट दाबलेली. खांद्यावरून घसरायला लागला तसा मला संशय आला. घरी येऊन उघडला, तर तू. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. सकाळी तुझ्या आधी जाऊन मी तो शटरवर टांगला आणि खाली खुर्ची टाकून बसलो. तू मोटारसायकलवरून उतरलास. मी म्हणालो, बघ, फिरला की नाही?

तू टॉवेल हातात घेतलास, पालथा करून पाहिलास, बोटानं रंग घासून पाहिलास. नवा होता तस्साच होता. मग विचारलंस, "शिरड शहापूरला? तिथं तं आपून एकालाबी दिला न्हवता."

"तेच म्हणतोय. नाव घडीत दाबून लोक पुढं करून राहिले."

तुझं तोंड उजळलं. मला वाटलं होतं खाली पडेल. "म्हणजे तुमी-आमी कोणी न जाता मी तिथवर जाऊन आलो," म्हणालास. दिवसभर गिऱ्हाइकांना तेच सांगत सुटलास, की आपला माल आपणहून परत येतो. मी जिंकलो होतो आणि आनंद तुला झाला होता, हे मला फार लागलं. मी म्हणत राहिलो की टॉवेल कोणी घरात ठेवला नाही. तू म्हणत राहिलास की नाव कोणी पुसू शकलं नाही. संध्याकाळी टॉवेल माझ्या हातात देऊन म्हणालास, "ठेवा दाजी पेटीत. कामाला येईल."

आला बाबा. आला कामाला.

ते भांडण आपलं तसंच राहिलं. तुला दवाखान्यात नेत होते त्या दिवशीसुद्धा मी गाडीत काहीतरी बोलायचं म्हणून तेच काढणार होतो, की लवकर बरा हो, टॉवेलाचं मिटवायचंय. तू डोळे मिटून होतास. मी म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे होतं, असं काही नाही. पण तू एक डोळा उघडला असतास एवढं नक्की.

आणखी एक बोलणं राहिलं. दाजी-मेहुण्यात आभार मानायची रीत नाही, मानले असते तर तू वर्षभर ते सगळ्यांना नक्कल करून दाखवलं असतंस. म्हणून बोललो नाही. पण त्या घोंगडीतल्या इस्त्रीनं माझं दुकान उघडं ठेवलं हे मला कळत होतं. झेरॉक्सच्या जोरावर मी फार तर चहा प्यालो असतो. लोक मला नाक्यावर 'कपवाले' म्हणायला लागले, माझ्याकडं थांबायला लागले, मी त्यांना गोष्टी सांगायला लागलो. घरात, लग्नाकार्यात सगळे म्हणतात ना, दाजी, ती गोष्ट सांगा. त्यातल्या निम्म्या गोष्टींत तू आहेस. गोष्ट सांगून झाली की मागून तुझा आवाज यायचा, "तसं न्हवतं झालं, दाजी फेकून राहिले." परवा कोणाला तरी त्या पिवळ्या नवरदेवाची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर मी थांबलो. सगळ्यांनी ती खरी मानली.

वाशीमच्या माणसाचा फोन आला तेव्हा त्यानं मला विचारलं, नवीन सुरू करतोय, काय काय सांभाळावं लागतं? मी म्हणालो, कापूस घेऊ नका, धरत नाही. अक्षरं उलटी छापा म्हणजे सरळ येतील. पांढरं छापता येत नाही, त्याला कापडच पांढरं लागतं. खाली-वर साधा कागद घाला, नाहीतर शाई पाटीला लागते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर मागच्याचं नाक उमटतं. गरम असताना कागद हलू देऊ नका, माणसाच्या मागं त्याचीच सावली पडते. आणि कागदावर रंग मेलेले दिसले तरी घाबरू नका, अजून ताप लागलेला नसतो. बोलता बोलता मी हवेत बोटं हलवत होतो, जोडीजोडीनं. तो म्हणाला, काका, तुम्हाला एवढं येतं, मग विकता काहून? मी म्हणालो, एकट्याच्यानं होत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. तुझी आक्का तेव्हा माझ्यामागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि तांदूळ निवडायला बसली.

तर काल संध्याकाळी आम्ही तेरवीहून परत आलो. जीपमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी वाटभर मनात शब्द जुळवत होतो. घरात शिरल्यावर तिला म्हणालो, चुकलं माझं, चार लोकांत शोभा केली, तुझ्या माहेरी तुझी मान खाली घालायला लावली. उद्या दुसरा टॉवेल नेऊन देतो ओंकारला आणि तो परत आणतो.

ती पेटीपाशी बसली होती. टॉवेलाची रिकामी प्लास्टिकची पिशवी सकाळी घाईत मी तिथंच टाकली असेन असं मला वाटलं, पण नाही, ती तिनं तुझ्या ओसरीतून उचलून आणली होती. मांडीवर ठेवून हातानं सपाट करत होती.

"परत नका आणू," ती म्हणाली. "लेकराच्या अंगावर बापाचं राहू द्या."

मी बरं म्हणालो.

"तसला अजून एक हाये का आपल्यात?"

"न्हाई. तोच होता. शिरड शहापूरहून आलेला."

ती पिशवीची घडी घालायला लागली. अर्धी, मग अर्धी, मग अर्धी. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणालो की चित्र कॉम्प्युटरात आहे, केशवनं काहीच पुसून टाकलेलं नसतं. तिचे हात थांबले. मी तिच्याकडं पाहिलं, केशव, तर ती रडत होती. आवाज नव्हता. खांदे तेवढे हलत होते. मी शेजारी बसलो आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला सांगायला एकही गोष्ट सापडली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. सुती पदर, त्यानं सगळं टिपून घेतलं.

"त्या वाशीमवाल्याला फोन करा, मशीन कामात हाये म्हणा," ती म्हणाली. "आन् मला एक टावेल काढून द्या. मोजायला मी उभी राहीन, मला येतं तसं मोजता. पण त्याच्यावर मामा नका लिहू. भावाकडून लिहा. आन् मोठं लिहा, कशीबी घडी घातली तरी झाकता येऊ नये एवढं."